भरतीची खाडी आणि आपली भीमा

विद्यार्थिमित्रहो, शिरूरची घोडनदी व दौंडची भीमा पाहत वाढलेल्या मुलांस समुद्राची भरती-ओहोटी केवळ भूगोलाच्या पुस्तकांतच भेटते. म्हणून एका हिवाळ्यांत आम्हीं सहल ठाण्याच्या खाडीकांठीं ऐरोलीस नेली.

तेथें एका भरतीनंतर सुमारें साडेबारा तासांनीं दुसरी भरती येते. मधल्या ओहोटींत चिखल उघडा पडतो. त्या चिखलांत हवा फारशी नसते. म्हणून तिवराचीं मुळें पेन्सिलींप्रमाणें वर डोकावून श्वास घेतात. जवळच्या उथळ पाण्यांत रोहित पक्षी चोंच उलटी धरून पाणी गाळतो व सूक्ष्म शेवाळ आणि बारीक जीव टिपतो. त्याचा गुलाबी रंगही या अन्नांतूनच येतो.

एके काळीं या तिवरांवर कुऱ्हाड चाले आणि भरावही पडे. २००५ सालीं मुंबई उच्च न्यायालयानें तोडीस मनाई केली. २०१५ सालीं खाडीचा एक भाग रोहित पक्ष्यांचें अभयारण्य झाला. २०२२ सालीं रामसर करारान्वयें त्यास जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून मान मिळाला.

परततांना एका विद्यार्थिनीनें विचारलें, "सर, रोहित तर आपल्या भिगवणलाही येतात. तिथं कुठं भरती आहे?"

प्रश्न मार्मिक होता. १९८० सालीं पूर्ण झालेल्या उजनी धरणाचा जलाशय पावसाळ्यांत भरतो व उन्हाळ्यापर्यंत ओसरत जातो. खाडीची भरती दिवसांतून दोनदां, येथील वर्षांतून एकदां. एक चंद्रसूर्यांच्या ओढीनें, दुसरी पावसाच्या व मनुष्याच्या हातानें. पाणी फार उतरलें कीं पळसदेवचें बुडालेलें प्राचीन मंदिर दिसूं लागतें. या पाण्यासाठीं अनेक कुटुंबांनीं घरें व शेतें सोडलीं, हें पक्षी पाहतांना विसरूं नये.

पुढें आम्ही भिगवणास गेलों. तेथें माझ्याच उतावळेपणामुळें नाव थव्याच्या फार जवळ गेली आणि सारा थवा उडाला. नावाडी शांतपणें म्हणाला, "सर, त्यांचं पोट भरायचं राहिलं." मी मुलांसमोर खजील झालों, परंतु त्या दिवसाचा खरा पाठ तोच होता.

पालकहो, पुण्याची मुळा-मुठा, शिरूरची घोडनदी, दौंडची भीमा या सर्वांचें पाणी अखेर उजनींत जातें. आपल्या गटारांतून नदींत जें सोडतों, तेंच त्या पक्ष्यांच्या ताटांत पडतें. मुलांनो, पुढील सहलीस वही घ्या, तारीख व पाण्याची पातळी टिपा, पक्षी दुरूनच मोजा. खाडी राखतां आली. आपली नदी राखणें आपल्याकडे आहे.