मिरची केव्हा तोडावी?

आपल्या परसात मिरचीची चार झाडे असतात. भांडी विसळलेल्या पाण्यावर ती वाढतात. झाडाला पांढरी फुले येतात. फुलामागून मिरची धरते. ती तोडावी केव्हा?

एका घरची सून टोपली घेऊन परसात निघाली. सासू म्हणाली, "थांब पोरी. मिरच्या कशाला हव्यात?"

"आत्याबाई, असं का विचारता? मिरची ती मिरची!"

"तसं नव्हे. ठेच्याची मिरची वेगळी, वर्षाच्या तिखटाची वेगळी."

सासूबाईंनी सांगितले ते आपणही ध्यानात ठेवू.

भाजीला, ठेच्याला हिरवी मिरची लागते. फूल आल्यावर सुमारे महिना-सव्वा महिन्यात ती पुरी वाढते. बोटांनी दाबून पाहा. कडक लागली आणि वर चकाकी असली, की ती भरली असे समजा. मऊ, बारकी मिरची कोवळी असते. ती तोडू नका. भरलेल्या मिरच्या वेळच्या वेळी तोडाव्या. म्हणजे झाड पुन्हा फुलते.

तिखटाला तांबडी मिरची लागते. त्यासाठी ती झाडावर आणखी दोन-तीन आठवडे राहू द्यावी. टोकापासून देठापर्यंत ती सारखी तांबडी झाली पाहिजे. अर्धवट पिकलेली मिरची लगेच उन्हात टाकली, तर वाळताना तिच्यावर पांढरट डाग पडतात. तिखटाला रंग येत नाही. अशी मिरची एक-दोन दिवस सावलीत ठेवा. ती तांबडी झाली, की मग वाळत घाला.

दव सुकल्यावर मिरची तोडावी. एका हाताने फांदी धरावी, दुसऱ्या हाताने देठासकट मिरची काढावी. ओढू नये. फांदी मोडते.

मिरची मातीवर वाळवू नका. चटईवर किंवा फडक्यावर पसरा. संध्याकाळी गोळा करून झाका. हलवल्यावर आत बी खुळखुळले, की मिरची वाळली. ओलसर मिरची डब्यात भरली, तर बुरशी येते. बुरशीत विष असू शकते. दळल्याने किंवा शिजवल्याने ते जात नाही. कुबट वासाची, काळी पडलेली मिरची निवडून फेकून द्या. चार मिरच्यांच्या लोभाने घरच्यांचा जीव धोक्यात घालू नका.

बी मात्र निरोगी झाडाच्या पुऱ्या पिकलेल्या मिरचीचेच ठेवा. कोवळ्या मिरचीचे बी उगवत नाही.

सून म्हणाली, "आत्याबाई, आज ठेच्यापुरत्या हिरव्या घेते. त्या अर्ध्या तांबड्यांना अजून चार दिवस राहू द्या."

सासू हसली. म्हणाली, "आता तूच मला शिकव!"

प्रश्न
१. हिरवी मिरची भरली, हे कसे ओळखाल?
२. तिखटासाठी कोणती मिरची तोडाल?
३. बुरशी आलेली मिरची का फेकावी?