तलवारीवरील खुणा कशा वाचाव्यात?



गतवर्षी दसऱ्याच्या सुटीनंतर आठव्या इयत्तेतील एक विद्यार्थी माझ्याकडे आला आणि मोठ्या अभिमानाने म्हणाला, “सर, आमच्या घरी शिवकालीन तलवार आहे. आपण पाहावयास याल का?” अशा आमंत्रणास नकार देणे मला कधीच साधले नाही. रविवारी सायंकाळी मी त्याच्या घरी गेलो. त्याच्या आजोबांनी देवघराशेजारच्या कोनाड्यातून लाल फडक्यात गुंडाळलेली तलवार काढून माझ्या हाती दिली. खंडेनवमीचे कुंकू तिच्या मुठीवर अजून ताजे होते.

मी पाते उजेडात धरले. पात्याच्या मुळाशी, मुठीस अगदी लागून, तांदळाच्या दाण्याएवढा एक ठसा होता. वर मुकुट, त्याखाली ‘बी’ हे इंग्रजी अक्षर आणि त्याखाली एक अंक. पाते उलटून पाहिले, तो दुसऱ्या बाजूस चार बोटे जागा आरशासारखी गुळगुळीत झालेली. आजोबा म्हणाले, “तिथं काही अक्षरं होती खरी. माझ्या लहानपणी मी ती बोटानं चाचपीत असे. पण दर नवमीला आधी विटकरीनं आणि पुढं काचकागदानं घासता घासता ती गेली.” ती अक्षरे कोणती होती, हे आता जगात कोणासही सांगता येणार नाही.

त्या दिवशी घरी परतताना मनाला हुरहूर लागली, आणि तीतूनच या लेखाचा जन्म झाला. आपला जिल्हा जुन्या शस्त्रांस अपरिचित नाही. जिजामातेचे माहेर सिंदखेडराजा याच जिल्ह्यात आहे. १७२४ साली निजाम व मुबारिजखान यांची निर्णायक लढाई झाली ती आपल्या साखरखेर्ड्यास. १८०३ साली असई व अडगाव येथे शिंदे-भोसल्यांच्या फौजांशी इंग्रजांचे झालेले संग्राम आपल्यापासून फारसे दूर घडले नाहीत. तेव्हा या परगण्यातील एखाद्या घरात जुने पाते निघाले, तर त्यात नवल नाही. नवल एवढेच, की ज्या खुणांवरून त्या पात्याची ओळख पटावयाची, त्याच आपण भक्तिभावाने पुसून टाकतो!

खुणा कशासाठी?

पात्यावरची खूण केवळ शोभेसाठी नसते. तिचे प्रयोजन बहुधा पुढील प्रश्नांपैकी एखाद्याचे उत्तर देणे हे असते. हे पाते कोणी घडविले? ते कोणाच्या मालकीचे? ते कसोटीस उतरले आहे काय? ते कोणत्या पलटणीस वा जहाजास दिले होते? आणि पुढे ते सरकारी सेवेतून काढून टाकले काय? खूण दिसताच प्रथम एवढेच विचारावे, की ही यांपैकी कोणत्या प्रश्नाचे उत्तर देते?

हा पाठ शिकण्यास सर्वांत सोयीचे पुस्तक म्हणजे ब्रिटिश आरमारातील खलाशांची आखूड तलवार होय. इंग्रज तिला ‘कटलस’ म्हणत. शत्रूच्या जहाजावर चढून हातघाईची लढाई करताना दोरखंडांच्या व डोलकाठ्यांच्या गर्दीत लांब तलवार अडते; म्हणून खलाशांना हे आखूड व दणकट शस्त्र दिलेले असे. ते खलाशाचे खासगी धन नव्हते. ते जहाजावर एकत्र ठेवीत व प्रसंगी वाटीत. शस्त्र सरकारी, म्हणून त्यावर खुणाही सरकारी शिस्तीच्या. या गोष्टी आपल्याला परक्या वाटू नयेत. ब्रिटिश आरमारासाठी लढाऊ जहाजे आपल्या मुंबईच्या गोदीतही बांधली जात असत. वाडिया घराण्याने १८१७ साली तेथे बांधलेले ‘त्रिंकोमाली’ हे जहाज इंग्लंडातील हार्टलपूल बंदरात अद्याप जतन करून ठेवलेले आहे.

१८०४ च्या नमुन्याची कटलस पाहा. पाते सरळ, सुमारे २९ इंच लांब. हाताच्या रक्षणास लोखंडाच्या दोन गोल चकत्या एकमेकींस जोडलेल्या. मूठही लोखंडाचीच, वर काळा रंग दिलेली. तिच्या पात्यावर मुकुट व त्याखाली ‘जी आर’ ही अक्षरे आढळतात. ‘जॉर्जियस रेक्स’, म्हणजे जॉर्ज राजा, या लॅटिन शब्दांची ती आद्याक्षरे होत. १८३७ साली व्हिक्टोरिया राणी गादीवर आली, तेव्हापासून राणीच्या नावाची ‘व्ही आर’ ही अक्षरे आली. म्हणजे केवळ दोन अक्षरांवरून आपण काळाची एक मर्यादा ठरवू शकतो.

दुसरी खूण बाणाच्या टोकाची, पक्ष्याच्या पावलासारखी दिसणारी. ती ब्रिटिश सरकारच्या मालकीची निशाणी होय. पुढे तिच्याजोडीस ‘डब्ल्यू डी’, म्हणजे युद्धखाते, ही अक्षरे येऊ लागली. हिंदुस्थानासाठी खरेदी केलेल्या मालावर बाणाबरोबर ‘आय एस डी’ ही अक्षरे असत. त्यांचा अर्थ ‘इंडिया स्टोअर डिपार्टमेंट’ असा होतो. दोन बाणांची टोके एकमेकांस भिडलेली दिसली, तर ते शस्त्र सरकारी सेवेतून काढून विकले गेले असे समजावे. मालकीची खूण आणि मालकी सोडल्याची खूण, दोन्ही एकाच पात्यावर!

तिसरी खूण परीक्षकाची. मुकुटाखाली एक अक्षर व एक अंक अशी ती असते. अंक परीक्षकाचा आणि अक्षर ठिकाणाचे. ‘बी’ म्हणजे बर्मिंगहॅम, ‘ई’ म्हणजे एनफील्ड, ‘एस’ म्हणजे जर्मनीतील सोलिंगेन. हा ठसा क्षुल्लक समजू नये. १८८५ साली सुदानातील अबू क्लीच्या लढाईत इंग्रज शिपायांच्या संगिनी वाकल्याची तक्रार होऊन विलायतेत मोठा गहजब झाला. ज्याच्या हातातील पोलाद ऐन वेळी वाकते, त्याच्या प्राणांचेच मोल त्यात गुंतलेले असते. तो तांदळाएवढा ठसा म्हणजे, ‘हे पाते मी वाकवून, आपटून पाहिले आहे, यावर भरवसा ठेवण्यास हरकत नाही,’ असे एका अज्ञात माणसाने दिलेले वचन होय.

आता आमच्या विद्यार्थ्याच्या तलवारीकडे वळू. मुकुट, ‘बी’ व अंक. ते पाते बर्मिंगहॅम येथे तपासले गेले होते आणि तेही एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धाच्या सुमारास. शिवछत्रपतींचे निर्वाण १६८० सालचे. दोहोंत पावणेदोनशे वर्षांहून अधिक अंतर. मी हे सांगताच त्या मुलाचा चेहरा उतरला. त्याची निराशा मला दिसत होती. परंतु असत्य सांगून त्यास खूश करणे हे शिक्षकाचे काम नव्हे.

खूण साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे

तथापि खूण दिसली की निकाल लागला, असेही समजू नये. साक्षीदार खोटे बोलू शकतो, तशी खूणही फसवू शकते. बव्हेरियातील पासाऊ नगरीचे कारागीर पात्यावर धावत्या लांडग्याची आकृती कोरीत. त्यांचा लौकिक पाहून सोलिंगेनच्या कारागिरांनीही तोच लांडगा आपल्या पात्यांवर कोरावयास आरंभ केला. सोळाव्या शतकात आंद्रेआ फेरारा नावाचा नामांकित इटालियन कारागीर होऊन गेला. त्याच्या मृत्यूनंतर कितीतरी वर्षांनी जर्मनीत घडविलेल्या पात्यांवरही त्याचे नाव दिसते. जिनोव्हाच्या पात्यांवरील दातेरी चंद्रकोरींची जोडी इतकी मान्यता पावली, की युरोपातील इतर गावांनी आणि आपल्याकडील लोहारांनीही तिची नक्कल केली. म्हणून नाव वाचून न थांबता पात्याचा घाट, त्यावरील पन्हळी, मुठीची घडण व अक्षरांचे वळण या सर्वांची साक्ष एकत्र घ्यावी.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पाते एका देशाचे, मूठ दुसऱ्या देशाची व हात तिसऱ्याचा, असे पुष्कळदा घडते. मराठ्यांनी युरोपातून समुद्रमार्गे आलेली लांब, सरळ पाती घेऊन त्यांना आपल्या पद्धतीच्या मुठी बसविल्या. अशा तलवारीस आपल्या भाषेत ‘फिरंग’ हे नावच पडले. म्हणून पात्यावर रोमन अक्षरे दिसली की ती तलवार साहेबाचीच, असे अनुमान करणे चुकीचे आहे.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे इंग्लंडच्या राजसंग्रहातील ती रत्नजडित तलवार, जी शिवछत्रपतींची म्हणून सांगितली जाते व जिला ‘जगदंबा’ म्हणतात. १८७५-७६ साली युवराज एडवर्ड हिंदुस्थानात आले असता कोल्हापूरच्या छत्रपतींकडून ती त्यांना नजर करण्यात आली. तिचे पाते युरोपीय असून त्यावर ‘आय एच एस’ ही अक्षरे आहेत. आपल्यापैकी जे चर्चमध्ये जातात त्यांच्या परिचयाची ही अक्षरे. येशूच्या ग्रीक नावाची ती पहिली तीन अक्षरे होत. यावरून काय सिद्ध होते? एवढेच, की पाते ख्रिस्ती देशात घडले. ते कोणी धारण केले व कोणत्या कार्यासाठी उपसले, हे ती अक्षरे सांगत नाहीत. खूण जेवढे सांगते तेवढेच तिच्याकडून घ्यावे. त्याहून अधिक तिच्या तोंडी घालू नये.

एका ओळीने परत आणलेली तलवार

आता खुणेने केवढे कार्य घडते ते पाहा. एप्रिल २०२५ मध्ये लंडन येथील लिलावात एक फिरंग विक्रीस आली. सरळ, एकधारी युरोपीय पाते. मुठीवर सोन्याचे काम. पात्याच्या पाठीवर मुठीजवळ सोन्याच्या देवनागरी अक्षरांत लिहिलेले होते, “श्रीमंत राघोजी भोसले सेनासाहेबसुभा फिरंग”.

हे राघोजी, अर्थात पहिले रघूजी भोसले, नागपूरकर भोसले घराण्याचे संस्थापक. ‘सेनासाहेबसुभा’ हा किताब त्यांना शाहू छत्रपतींनी दिला होता. त्यांनी दक्षिणेत कर्नाटकापर्यंत व पूर्वेस बंगालपर्यंत स्वाऱ्या केल्या. १७५१ साली ओरिसा प्रांत त्यांच्याकडे आला. १७५५ साली त्यांचा मृत्यू झाला. आपला वऱ्हाड व हे घराणे यांचा संबंध किती निकटचा होता, हे निराळे सांगावयास नको.

महाराष्ट्र शासनाने ही तलवार सुमारे ४७ लाख रुपये खर्चून मिळविली आणि १८ ऑगस्ट २०२५ रोजी ती मुंबईस पोहोचली. विद्यार्थ्यांनो, विचार करा. ती सोनेरी ओळ कोणी काचकागदाने घासून टाकली असती तर? लंडनच्या बाजारात ते ‘एक जुने मराठी शस्त्र’ एवढेच राहिले असते. तिला स्वदेशी आणण्याची कल्पनाही कोणास सुचली नसती. पाते युरोपचे, मूठ आपल्याकडील, लेख देवनागरी; आणि त्या एका ओळीने तिला मायदेशाची वाट दाखविली.

आपण काय करावे?

घरी जुने शस्त्र असल्यास पुढील गोष्टी कराव्यात अशी माझी विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस विनंती आहे.

१. वीटकर, काचकागद, राख, लिंबू किंवा चिंच यांनी पाते घासू नये. मऊ कोरड्या फडक्याने पुसून शिलाईयंत्राच्या तेलाचा पातळ हात द्यावा. घामेजल्या बोटांनी पात्यास स्पर्श करू नये. गंज तेथूनच धरतो. शस्त्र वडील माणसांनीच हाताळावे.

२. खुणा शोधण्याच्या जागा चार: पात्याचे मूळ, पात्याची पाठ, मुठीची आतली बाजू व म्यानाचे तोंड. दिव्याचा उजेड तिरपा पाडला असता झिजलेली अक्षरेही उठून दिसतात.

३. खुणेवर पातळ कागद ठेवून शिसपेन्सिल हलकेच फिरवावी. ठसा कागदावर उमटतो. दिसेल तसाच उतरून घ्यावा. अर्धे अक्षर दिसल्यास अर्धेच काढावे, तर्काने पुरे करू नये.

४. शस्त्र घरात कसे आले, याविषयी वडीलधाऱ्यांकडून जे कळेल ते त्यांच्याच शब्दांत, तारखेसह, वहीत लिहून ठेवावे.

५. शस्त्रे बाळगण्यासंबंधी कायदा आहे. पालकांनी तो समजून घ्यावा. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्यान्वये खासगी व्यक्तीस परदेशी पाठविता येत नाही, हेही ध्यानात असावे. दारावर आलेल्या फिरत्या व्यापाऱ्यास अशी वस्तू मोडीच्या भावाने देण्यापूर्वी जाणत्यास दाखवावी.

असो. त्या उतरलेल्या चेहऱ्याच्या मुलाचे पुढे काय झाले, हे सांगून लेख संपवितो. मी त्यास म्हणालो, “तुझी तलवार शिवकालीन नाही, म्हणून ती कवडीमोल ठरत नाही. बर्मिंगहॅमला तपासलेले पाते चिखली तालुक्यातील एका शेतकऱ्याच्या कोनाड्यात कसे आले? या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही छापील इतिहासात नाही. ते तुझ्या आजोबांपाशी असेल, तर आजच विचार.” दुसऱ्या आठवड्यात त्याने मला वही दाखविली. पहिल्या पानावर पेन्सिलीने उतरलेला मुकुट होता आणि पुढची तीन पाने आजोबांच्या सांगण्यावरून लिहिलेली होती. शेवटी त्याने लिहिले होते: “दुसऱ्या बाजूची अक्षरे नाहीशी झाली आहेत. ती कोणती होती ते आम्हांस ठाऊक नाही.”

त्या शेवटच्या वाक्यास मी सर्वांत अधिक गुण दिले. ठाऊक नाही ते ठाऊक नाही असे लिहिणे, हाच इतिहासाचा पहिला धडा होय. यंदाच्या नवमीस त्या घरी तलवारीची पूजा नेहमीप्रमाणे झाली. आजोबांनी काचकागद मात्र हाती घेतला नाही.