पूर्ण बिल मागितलं, तर म्हणे कार्ड मिळणार नाही

आजही घरात कोणी म्हणालं की ‘गेमच्या शौकापायी पैसे घालवलेस’, तर माझं डोकं फिरतं. माझे पैसे शौकापायी गेले नाहीत. एका दुकानदाराने जुनी वस्तू नवी म्हणून विकली आणि ते पैसे घेतले. काका, मामा, शेजारपाजारचे, सगळे मलाच शहाणपण शिकवतात. त्या माणसाला कोणीच काही म्हणत नाही. म्हणून हे लिहितो आहे. शिवाय सध्या ग्राफिक्स कार्डांचे भाव परत तसेच चढू लागलेत आणि गावातली पोरं मला विचारतात, ‘दादा, नागपूरला कोणतं दुकान बरं?’

गोष्ट २०२१ ची. पुण्याच्या कंपनीने आधी पगार अर्धा केला, मग घरी बसवलं, आणि मी नागभीडला परत आलो. लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करून थोडेफार पैसे यायचे. रात्री हॉस्टेलचे जुने मित्र ऑनलाइन भेटायचे. कोणी नाशिकला, कोणी अकोल्याला, निम्म्यांच्या नोकऱ्या गेलेल्या. दोन तास काउंटर-स्ट्राइक खेळायचो आणि खेळता खेळता एकमेकांची खबरबात घ्यायचो. त्या वर्षी दुसरं होतं काय? सिनेमा बंद, प्रवास बंद, हातात पैसा नाही. एकदा कॉम्प्युटर घेतला की त्यावरचा खेळ ही सगळ्यात स्वस्त करमणूक आहे, हे मी तेव्हाही सांगत होतो आणि आजही सांगतो. माझं जुनं १०५० टीआय ग्राफिक्स कार्ड जूनमधल्या पहिल्या पावसात वीज कडाडली तेव्हा गेलं. एडिटिंगही अडलं, खेळही अडला.

आता भावाचं गणित बघा. मला हवं होतं जीटीएक्स १६६० सुपर. ऑक्टोबर २०१९ मध्ये एनव्हिडियाने ते २२९ डॉलरला बाजारात आणलं. डॉलर ७४ रुपये धरला तर होतात सतरा हजार. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे वीस हजार. दुकानदाराचा नफा धरून बावीस. हेच कार्ड ऑगस्ट २०२१ मध्ये मला ४६ हजारांना पडलं. त्या हंगामात साध्या धानाचा हमीभाव क्विंटलला १८६८ रुपये होता. म्हणजे तळहाताएवढ्या दोन पंख्यांच्या त्या वस्तूसाठी साडेचोवीस क्विंटल धान. हा हिशोब मी वडिलांना सांगितला नाही, त्यांनी स्वतःच केला.

भाव एवढे का चढले, हेही समजून घ्या, कारण फसवणुकीची वाट तिथूनच सुरू होते. कोरोनात जगभर लोक घरी बसले, कॉम्प्युटरची मागणी वाढली, चिप बनवणाऱ्या कारखान्यांना ती पुरी करता येईना. त्याच वेळी इथेरियम या आभासी चलनाचा भाव भडकला. ते चलन तेव्हा मुख्यतः ग्राफिक्स कार्डांवर ‘माइन’ व्हायचं. एकेका शेडमध्ये शेकडो कार्डं रात्रंदिवस चालवायची आणि चलन कमवायचं, असा तो धंदा. १६६० सुपर १२५ वॉटमध्ये भागवायचं, त्यामुळे या लोकांचं ते लाडकं कार्ड. मे २०२१ पासून एनव्हिडियाने नव्या कार्डांचा माइनिंगचा वेग मुद्दाम निम्मा केला, पण १६६० सुपरला ते बंधन नव्हतं. मग मे-जूनमध्ये चीनने माइनिंगवर कारवाई सुरू केली. शेडमधली कार्डं पोत्याने बाजारात आली आणि धुऊन-पुसून नव्या डब्यांत जाऊ लागली. हे सगळं मला नंतर कळलं. दुकानदाराला मात्र तेव्हाच पक्कं माहीत असणार. त्याचा रोजचा धंदा आहे तो.

दुकानाचं नाव लिहीत नाही. नागपूरचं एवढं पुरे. फोनवर सगळं ठरलं होतं आणि व्हॉट्सॲपवर त्याने स्वतः लिहिलं होतं, ‘४६ फायनल, नवीन सीलपॅक’. तिथे पोचल्यावर भाषा बदलली.

“भाऊ, एकटं कार्ड नाही भेटत आता. संग एसएमपीएस घ्यावं लागन.”

माझ्याकडे एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरच्या वीजपुरवठ्याचं युनिट, चांगलं होतं. तरी साडेचार हजारांचं गळ्यात मारलं. मग म्हणे, बिल बावीस हजारांचं करून देतो, बाकीचे नगद द्या. मी म्हटलं, पूर्ण बिल द्या, जीएसटी लागेल तो लावा.

“मंग राहू द्या भाऊ कार्ड. मागं चार गिऱ्हाईक उभे आहेत. उद्या याले पन्नास लागतीन.”

डबा उघडून दाखवा म्हटलं, तर म्हणे सीलपॅक माल उघडत नाही, कंपनीचा नियम आहे. एकशेदहा किलोमीटरवरून आलेला माणूस परत रिकाम्या हाताने जाणार नाही, हे त्याला माझ्या पाठीवरच्या बॅगेवरून कळत होतं. नागपूरचा पोरगा असता तर ‘संध्याकाळी येतो’ म्हणून निघून गेला असता. आमच्याकडून जाणारा माणूस दिवस मोडून जातो. आणि दुकानदार त्या मोडलेल्या दिवसावर धंदा करतो.

दिवाळीनंतर पडद्यावर रंगीत चौकटी दिसू लागल्या. आधी गेममध्ये, मग एडिटिंग करताना, मग नुसता डेस्कटॉप उघडला तरी. ड्रायव्हर पुन्हा टाकून पाहिला, विंडोज नव्याने टाकलं. शेवटी डिव्हाइस मॅनेजरमध्ये कोड ४३ येऊन कार्ड बंद पडलं.

तीन वर्षांची वॉरंटी होती, त्यामुळे मी तसा निवांत होतो. कंपनीच्या साइटवर नंबर टाकायचा म्हणून कार्ड काढून टेबलावर ठेवलं. केसमध्ये बसवलेलं असताना नंबराची चिठ्ठी दिसत नव्हती. आता दिसली. शेजारी डबा ठेवला. डब्यावरचा नंबर आणि कार्डावरचा नंबर वेगळा. मला वाटलं मीच चुकीचं वाचतो आहे. भावाला मोठ्याने वाचायला लावलं, मी डब्यावर बोट ठेवून बघत गेलो. शेवटचे पाच आकडे जुळेनात. मग मोबाइलचा टॉर्च लावून बाजूने आत पाहिलं. थर्मल पॅडमधून तेल झिरपून मेमरीच्या चिपांभोवती पिवळट, चिकट ओघळ आले होते आणि त्यात काळी बारीक धूळ चिकटलेली. महिनोन्‌महिने तापल्याशिवाय पॅड असं तेल सोडत नाही. मागच्या लोखंडी पट्टीवर स्क्रूच्या जागी चकाकी उडालेली, एकदाच बसवलेल्या कार्डाची पट्टी अशी दिसत नाही. कंपनीच्या साइटवर कार्डावरचा नंबर टाकला, तर वॉरंटी २०२० मध्येच सुरू झालेली. मी कार्ड घेतलं त्याच्या कितीतरी आधी.

आता शहाणे विचारतात, ‘घेतल्या दिवशीच नंबर का नाही पाहिला?’ का पाहावा? नव्या वस्तूचे पैसे घेतले तर ती नवी देणं हे विकणाऱ्याचं काम आहे. आपण किराणा दुकानात मिठाची पिशवी प्रयोगशाळेत तपासून घेतो का?

नागपूरला जायचं तर तेव्हा एसटीचा संप. ऑक्टोबर २०२१ च्या शेवटी सुरू झाला तो पुढे एप्रिलपर्यंत चालला. आमची नागपूरची नॅरोगेज तर नोव्हेंबर २०१९ मध्येच ब्रॉडगेजच्या कामासाठी बंद झाली होती. काळीपिवळीत कोंबून भिवापूर, तिथून दुसऱ्या गाडीत उमरेड, तिथून पुढे नागपूर.

तिथे त्याने जे केलं ते मला जास्त लागलं. डबा हातात घेतला नाही. कार्डाकडे पाहिलंही नाही. दुकानात गिऱ्हाईक बसलेलं, त्यांच्यासमोर म्हणाला, “तुम्हीच बदलवलं असन. गावाकडे कोणाकोणाकडे खोलून ठेवता. आन्‌ व्होल्टेज कसं असते तिकडे, माहीत आहे ना आम्हाले.” मी व्हॉट्सॲप दाखवलं. म्हणाला, “बिल किती रुपयांचं आहे, ते दाखवा.” बावीस हजारांचं बिल त्यानेच अडवून करून दिलेलं, आणि आता तेच माझ्यासमोर धरत होता. दुकानातला नोकर पोरगा मान खाली घालून उभा होता. त्याला सगळं माहीत होतं.

ब्रह्मपुरीच्या एका वकिलांनी रजिस्टर पोस्टाने नोटीस पाठवली. दोन्ही नंबरांचे फोटो, साइटवरची वॉरंटीची तारीख, व्हॉट्सॲपचं बोलणं, सगळं जोडलं. मग दुकानदारसाहेबांचा फोन आला, आवाज एकदम मऊ. बिलाचे बावीस हजार परत मिळाले. वरचे चोवीस हजार नाहीत, एसएमपीएसचे पैसेही नाहीत. वकील म्हणाले, लढता येईल, पण वेळ जाईल. तेव्हा माझ्या हाताला पक्कं काम नव्हतं, बावीस घेतले. चूप बसलो असतो तर तेही मिळाले नसते, हे घरच्यांनी कधीतरी ध्यानात घ्यावं.

आता ज्यांना कार्ड घ्यायचं आहे त्यांना सांगतो.

सगळ्यात आधी बिल. जेवढे पैसे दिले तेवढ्याचंच बिल, त्यावर कार्डाचं पूर्ण नाव आणि सीरियल नंबर. तो नंबर डब्यावरून उतरवू देऊ नका, कार्डावरून उतरवायला लावा. पैसे यूपीआयने किंवा कार्डाने द्या. नगद मागणारा माणूस पुढच्या भांडणाची तयारी आधीच करून ठेवतो आहे, असं समजा. नंबर लगेच, दुकानातच, कंपनीच्या साइटवर टाका. मोबाइल सगळ्यांकडे आहे.

जुनं कार्ड घेणार असाल तर चालू मशीनमध्ये लावून पाहिल्याशिवाय एक रुपया देऊ नका. जीपीयू-झेड हे छोटं, फुकट सॉफ्टवेअर पेनड्राइव्हमध्ये न्या. जुन्या, कालबाह्य चिपवर नवं नाव चढवून ‘१०५० टीआय’ म्हणून विकलेली कार्डं बाजारात फिरतात, त्यातली बरीच ते पकडतं. आरएक्स ५८० घेताना शेडरची संख्या बघा. २३०४ असेल तर मूळ, २०४८ असेल तर चीनच्या बाजारासाठी काढलेलं कमी ताकदीचं कार्ड, त्याचा भावही तसाच कमी असायला हवा. मग कार्डावर ताण देणारं फरमार्क हे सॉफ्टवेअर पंधरा-वीस मिनिटं चालवा. विकणारा दोन मिनिटांत ‘झालं ना भाऊ’ म्हणतो. म्हणू द्या. मेमरीचा बिघाड पुष्कळदा कार्ड चांगलं तापल्यावरच दिसतो. पंख्याचा आवाज कान देऊन ऐका, बाजूने टॉर्च मारा, तेलाचे ओघळ शोधा. कुरिअरने मागवलं तर डबा उघडतानाचा व्हिडिओ एका दमात, न थांबवता काढा, पत्त्याच्या चिठ्ठीपासून थेट कार्डावरच्या नंबरापर्यंत.

आपल्या भागाचंही बघा. ब्रह्मपुरीचा पारा मे महिन्यात ४५ च्या पुढे जातो, आपण काही वेगळे नाही. बंद काचेच्या केसमध्ये कार्ड भाजून निघतं. पावसाळ्यात ढग दिसले की प्लग काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. एसएमपीएस नामांकित कंपनीचं घ्या, त्यात काटकसर करू नका. आणि घाई करू नका, घरच्यांशी बोला, चार ठिकाणी भाव विचारा, हे तर आहेच.

ज्यांना मित्रांसोबत व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइकच खेळायचं आहे, त्यांनी तेजीत कार्ड घेऊच नये. रायझन ५६००जीसारख्या प्रोसेसरमध्येच ग्राफिक्स येतं, १०८० पीमध्ये सेटिंग कमी ठेवून हे खेळ चालतात. नंतर भाव उतरले की कार्ड जोडा. उतरतात. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमने माइनिंगची पद्धतच सोडून दिली आणि माझ्याकडून ४६ हजार घेतले होते ते कार्ड जुन्या बाजारात कोणी विचारेना.

आता २०२५ च्या अखेरीपासून कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिपा उचलायला सुरुवात केली आणि रॅमचे भाव भडकले. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये क्रुशियल हा किरकोळ गिऱ्हाइकांचा धंदाच बंद करत असल्याचं जाहीर केलं. त्याच महिन्यात डॉलर नव्वद रुपयांच्या वर गेला. ग्राफिक्स कार्डावरही मेमरी असतेच, तेव्हा झळ तिथेही बसणार. आणि दुकानांतून परत तेच शब्द ऐकू येतात, उद्या भाव वाढतीन, मागं गिऱ्हाईक उभे आहेत, संग अजून काहीतरी घ्या.

कोणी फसलं असेल तर गप्प बसू नका. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू आहे. दुकान नागपूरला असलं तरी तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात, म्हणजे चंद्रपूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात करता येते. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला फी लागत नाही. आधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करा, फुकट आहे. तक्रारीची मुदत दोन वर्षांची. बिल, डबा आणि व्हॉट्सॲपचं बोलणं जपून ठेवा आणि ती मुदत निघून जाऊ देऊ नका.