परदेशीं गेलेले वाटाडे

विद्यार्थीमित्रहो, परदेशीं नोकरी करावी आणि सुटीच्या दिवशीं बर्फाच्छादित डोंगर चढावे, असें चित्र तुमच्यापैकीं पुष्कळांच्या मनांत असतें. त्या इच्छेस आम्ही नांवें ठेवीत नाहीं. मात्र डोंगर चढणें हाच ज्यांचा परदेशांतील रोजगार झाला, अशा कांहीं माणसांची हकीकत आज सांगावीशी वाटते.

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्याकडे जाणारा लोहमार्ग १८८५ सालीं जोडला गेला. कॅनेडियन पॅसिफिक रेल्वे कंपनीनें मार्गालगतच्या पर्वतांत हॉटेलें बांधलीं व हौशी लोक शिखरें चढूं लागले. १८९६ सालीं लेफ्रॉय शिखरावरून पडून फिलिप अ‍ॅबट हे अमेरिकन गृहस्थ मरण पावले. जाणत्या वाटाड्यांची निकड भासूं लागली. आणि १८९९ सालीं कंपनीनें स्वित्झर्लंडच्या इंटरलाकेन भागांतून एडुआर्ड फॉइट्स व क्रिश्चन हेस्लर या दोघांस आणविलें.

वाटाड्या चढतांना दोरावर सर्वांच्या पुढें असतो व उतरतांना सर्वांच्या मागें. कारण कोणाचा पाय घसरला तर वरून धरून ठेवणें हें त्याचें कर्तव्य होय. पाहुण्याची जी मौज, तीच त्याची जोखीम. आभाळ फिरलें तर, शिखर हाताशीं आलें असतांही, पैसे देणाऱ्यास ‘मागें वळा’ असें सांगण्याचें धैर्य त्यास लागतें.

प्रारंभीं हे लोक उन्हाळ्यापुरते येत व हंगाम सरतांच महासागर ओलांडून घरीं परतत. पुढें १९१२ सालीं कंपनीनें गोल्डन गांवाजवळ त्यांच्या कुटुंबांसाठीं स्विस धाटणीचीं घरें बांधलीं. आगगाडींतून तीं मोहक दिसत. परंतु गांवाबाहेर, टेकडीच्या उतारावर संसार करणें निराळें! हिवाळ्यांत कांहीं वाटाडे बंद हॉटेलांची राखण करीत व छपरांवरील बर्फ फावड्यानें काढीत.

फॉइट्स यांचा त्याच नांवाचा मुलगा १९०३ सालीं, अठरा वर्षांचा असतां, बापाच्या हाताखालीं काम शिकण्यास आला आणि तेथेंच स्थायिक झाला. १९२२ सालीं वाटाड्यांनीं लेफ्रॉयजवळच्या खिंडींत सुमारें २,९०० मीटर उंचीवर दगडी आसरा बांधला व त्यास अ‍ॅबट यांचें नांव दिलें. पायथ्याची जमीन ढासळूं लागल्यामुळें २०२२ सालीं तो उतरवावा लागला. म्हणजे शंभर वर्षें तो तेथें उभा होता. १८९९ ते १९५४ या काळांत कंपनीच्या स्विस वाटाड्यांबरोबर गेलेला एकही पाहुणा दगावला नाहीं. धाकटे फॉइट्स १९८१ सालीं, शहाण्णव वर्षांचे होऊन वारले.

पालकांस आमची विनंती अशी कीं, मुलगा वा मुलगी परदेशीं निघाली असतां केवळ पगार विचारूं नये. हंगाम सरल्यावर काम कोणतें? घरचीं माणसें राहणार कोठें? हेंही विचारावें. आणि विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावें कीं, त्या तरुणानें सोबत नेलेली खरी शिदोरी म्हणजे घरीं, आपल्याच डोंगरांत, वडिलांपासून शिकलेली विद्या. ती शिदोरी बांधण्याचे दिवस तुमचे आज चालू आहेत.