न दिसणाऱ्याचा पत्ता

विद्यार्थी मित्रांनो, जी वस्तू कधीच दिसत नाही ती आहे, हे सिद्ध कसे करायचे? कृष्णविवराबाबत शास्त्रज्ञांपुढे हाच प्रश्न होता.

फार मोठा तारा इंधन संपल्यावर स्वतःच्याच भाराने कोसळतो. मग त्याच्या गुरुत्वाकर्षणातून प्रकाशही सुटू शकत नाही. यालाच कृष्णविवर म्हणतात.

पुराच्या वेळी गोदावरीतले भोवरे तुम्ही पाहिले असतील. भोवऱ्यातले पाणी गोल फिरत आत जाते. कृष्णविवराच्या जवळ एखादा तारा असेल, तर त्याचा वायूही असाच फिरत आत ओढला जातो आणि त्याची चपटी चकती बनते. वायूचे थर एकमेकांवर घासून तापतात. चकतीच्या आतल्या भागातून क्ष-किरण निघतात. बाहेरचा भाग त्या मानाने थंड असतो. त्याच्यातून दृश्य प्रकाश आणि अवरक्त किरण येतात. अवरक्त किरण डोळ्यांना दिसत नाहीत. मात्र आकाशातील धूळ त्यांना फारशी अडवत नाही.

हा प्रकाश वर्णपटमापकातून नेला की लोलकाप्रमाणे त्याचे रंग वेगळे होतात. त्यात हायड्रोजन वायूची ठळक तांबडी रेषा दिसते. आता नाशिकरोड स्टेशनावरून न थांबता जाणारी गाडी आठवा. जवळ येताना तिची शिट्टी बारीक ऐकू येते, दूर जाताना जाड. प्रकाशाचेही तसेच आहे. चकतीची एक बाजू आपल्याकडे येत असते, म्हणून तिची रेषा निळ्या रंगाकडे सरकते. दुसरी बाजू दूर जात असते, म्हणून तिची रेषा तांबड्याकडे सरकते. त्यामुळे एका रेषेची दोन शिखरे दिसतात. त्यांच्यातील अंतरावरून वायूचा वेग कळतो.

हंस तारकासमूहात व्ही 404 सिग्नी नावाची अशी जोडी आहे. 1989 साली तिची चकती एकाएकी उजळली. ती शांत झाल्यावर कासारेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जोडीतील ताऱ्याच्या रेषा तपासल्या. तो साडेसहा दिवसांत एक फेरी, सेकंदाला सुमारे 200 किलोमीटर वेगाने पूर्ण करत होता. त्यावरून 1992 साली हिशोब निघाला: त्याच्या न दिसणाऱ्या सोबत्याचे वस्तुमान सूर्याच्या सहापटीहून अधिक आहे. मेलेल्या ताऱ्याचा अवशेष सुमारे तीन सूर्यांहून जड असेल, तर तो कृष्णविवरच असतो. जून 2015 मध्ये ही चकती पुन्हा उजळली, तेव्हा हौशी निरीक्षकांनीही लहान दुर्बिणींतून तिची चमक टिपली.

अशा रेषा तपासण्याची सोय आपल्या राज्यातही झाली. डॉ. जयंत नारळीकर हे पुण्याच्या 'आयुका' संस्थेचे संस्थापक संचालक होते. या संस्थेने पुणे-नाशिक रस्त्यापासून आत, गिरवली येथे दोन मीटर व्यासाची दुर्बीण उभारली. ती 2006 साली सुरू झाली. तिला वर्णपटमापकही जोडलेला आहे.

मित्रांनो, कृष्णविवर कोणी डोळ्यांनी पाहिले म्हणून शास्त्रज्ञांनी ते मान्य केले नाही. रेषा मोजल्या, हिशोब जुळला, तेव्हाच मान्य केले. तुम्हीही एखादी गोष्ट ऐकली, तर तिचा पुरावा विचारा.

स्वाध्याय
1. कृष्णविवराभोवती चकती कशी तयार होते?
2. हायड्रोजनच्या रेषेची दोन शिखरे का दिसतात?
3. व्ही 404 सिग्नीमधील न दिसणारी वस्तू कृष्णविवर आहे, हे कशावरून ठरले?