चिलीची महागडी रेड वाइन कशी पारखावी?

प्रश्न : भावाने परदेशाहून आल्माविवा आणली आहे. तिचा दर्जा चाखून कसा ओळखावा?

उत्तर : आल्माविवा ही मायपो खोऱ्यातल्या पुएन्ते आल्तोची वाइन. तिची पहिली बाटली 1996च्या द्राक्षांची. मुख्य द्राक्ष काबेर्ने सोव्हिन्यों, जोडीला कार्मेनेर. हे कार्मेनेर चिलीत कित्येक दशके मर्लो समजूनच लावले जात होते. 1994 मध्ये फ्रेंच तज्ज्ञ झाँ-मिशेल बुर्सिको यांनी ते ओळखले.

बाटली तासभर आधी उघडून वाइन डिकँटरमध्ये ओता. तापमान 16 ते 18 अंश असू द्या. आपल्या उन्हाळ्यात खोलीतली वाइन फार गरम होते, मग नाकात नुसते अल्कोहोल चढते.

आधी वास घ्या. काळ्या बेरीचा, देवदाराचा गंध हवा. हिरव्या सिमला मिरचीची छटा कार्मेनेरमुळे येते. ती हलकी असेल तर शोभते, तीच वरचढ झाली तर द्राक्षे कच्ची तोडली असे समजा. घोट तोंडात घोळवा. हिरड्यांवरचा तुरटपणा मऊ हवा, खरखरीत नको. ओकच्या पिंपाचा व्हॅनिलासारखा वास फळाला झाकत असेल, तर किंमत कितीही असो, मी गुण कापतो. गिळल्यावर चव बराच वेळ रेंगाळली पाहिजे. वाइन अगदी नव्या वर्षाची असेल, तर घाई करू नका. थंड, अंधाऱ्या जागी आडवी ठेवून काही वर्षे थांबा.