सगळ्यात नवख्या जोडीसाठी वाजव

अगं, तुझा तो लांबलचक व्हॉइस मेसेज ऐकला. मावशीला इतक्यात काही बोलणार नाही, घाबरू नकोस. तिच्या डोक्यात डीजे म्हणजे विसर्जनाला ट्रॅक्टरवर रचलेली ती भिंत, खिडक्यांची तावदानं हलवणारी. माझ्याबद्दलसुद्धा ती शेजारणींना अजून "जयपूरला इव्हेंटमध्ये असते" एवढंच सांगते. पण तू मनापासून विचारलंयस, तर मीही आडपडदा न ठेवता सांगते.

तुझी अट काय, तर लग्नात वाजवायचं नाही. फक्त साल्सा, बचाता, कोलंबियाचं कुंबिया, अंगोलाचं किझोंबा असलंच वाजवायचं. सोने, जयपुरात येऊन लग्नं नकोत म्हणणं म्हणजे पंढरपुरात दुकान टाकून वारकरी नकोत म्हणणं. इथलं आमचं वर्ष मुहूर्तांवर चालतं. कार्तिकी एकादशीला, इकडे तिला देवउठनी म्हणतात, देव उठले की लग्नांचा धडाका सुरू होतो. डिसेंबरच्या मध्यावर मलमास लागतो आणि संक्रांतीपर्यंत सगळं थंड. मग पुन्हा झुंबड उडते. आखातीजेला, म्हणजे आपल्या अक्षय्य तृतीयेला, तर मुहूर्त काढावाच लागत नाही, त्या दिवशी अख्ख्या शहरात एक स्पीकर मोकळा सापडायचा नाही. आणि आषाढीला देव झोपले की आपणही घरी. थोड्या महिन्यांची कमाई वर्षभर पुरवायची असते, हे आत्ताच डोक्यात घाल. कॅफेतल्या लॅटिन सोशलवर, म्हणजे जोडीनं नाचायच्या त्या संध्याकाळींवर, घरभाडं निघत नाही. ती दुनिया इथे छोटी आहे. थोडे दिवस वाजवलंस की सगळ्यांचे चेहरे, आणि कुणाचा गुडघा दुखतो तेही, पाठ होईल.

म्हणून लग्नं सोडू नकोस. उलट तिथेच तुझं आवडतं संगीत कसं शिरवायचं ते शिक. ते अवघड आहे, पण त्यात जी गंमत आहे ती सोशलमध्ये नाही.

आधी वेळेचा हिशेब. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर बंद. बंद हॉलमध्ये आतल्या आत चालतो, पण जयपूरची लग्नं असतात लॉनवर नाहीतर हवेलीच्या चौकात. पाहुणे नटूनथटून येणार साडेआठला. मग घरच्यांचे बसवलेले नाच, काकांचं भाषण, नवऱ्या मुलाच्या मित्रांचा गोंधळ. तुझ्या हातात उरतो जेमतेम तास. त्यात पंजाबी हवं, राजस्थानी हवं, 'डेस्पासितो' हवं. ('डेस्पासितो'ची फर्माईश आली की नाक मुरडू नकोस. २०१७ पासून ते गाणं आपल्या धंद्याचं अर्धं काम फुकट करतंय. निमूट वाजव आणि त्याच्या पाठोपाठ पोर्तो रिकोचंच दुसरं काहीतरी लाव. फ्लोअर तेव्हा तुझा असतो.)

माझी युक्ती सांगते. पुणतांब्याचे सी. रामचंद्र, म्हणजे आपले चितळकर, यांनी १९५० च्या 'समाधी'त 'गोरे गोरे' दिलं. त्याची चाल आली ती 'चिको चिको फ्रॉम पोर्तो रिको'वरून, जे १९४५ च्या 'डॉल फेस' या हॉलिवूडपटात कार्मेन मिरांडानं गायलं होतं. पुढच्याच वर्षी 'अलबेला'. पडद्यावर आपले भगवानदादा पालव, आणि 'शोला जो भडके'त बाँगो असा घुमतो की आजही कुणाचे पाय जागेवर राहत नाहीत. रामचंद्रांच्या वाद्यमेळात गोव्याचा ट्रम्पेटवाला चिक चॉकलेट होता, आणि बाँगो-मराकस हाताळणारे कावस लॉर्ड होते. म्हणजे तू जे "बाहेरचं" म्हणून आणणार आहेस ते या पाहुण्यांच्या आज्यांनी तरुणपणी ऐकलेलं आहे. मी आधी 'गोरे गोरे' लावते. आजी उठतात, त्यांना धरून नाती उठतात. मग हळूच मूळ गाणं. लोक एकमेकांकडे बघून हसतात, पण थांबत नाहीत, कारण चाल ओळखीची. तिसरं एखादं क्यूबाचं, त्याच वेगातलं, जे त्या लॉनवर कुणी कधीच ऐकलेलं नसतं. आणि ते नाचत असतात! माइक हातात घेऊन "आता आपण ऐकूया" असलं काही म्हणायचं नाही. ज्याला जाणून घ्यायचंय तो जेवताना शोधत येतो. येतोच एखादा, बहुधा कुणाचा तरी काका.

आता सोशलकडे वळते. इथे मात्र तू आत्तापर्यंत शिकलीस ते थोडं विसरावं लागेल. दोन गाणी बेमालूम जोडण्याचा तुला फार अभिमान आहे, पण साल्साच्या फ्लोअरवर तो नडतो. गाणं शेवटापर्यंत जाऊ द्यायचं. शेवटच्या ठोक्यावर जोडी थांबते, एकमेकांना धन्यवाद म्हणते, जोडीदार बदलतो. तेवढी फट हवीच. तू गाण्यात गाणं मिसळत राहिलीस तर नको असलेल्या माणसाचा हात सोडायला बायकांना जागाच राहत नाही. हे पुरुष डीजेंना सांगावं लागतं, तुला लागू नये. तसंच लांबीचं. चार-साडेचार मिनिटांचं गाणं बरं. न्यूयॉर्कच्या जुन्या रेकॉर्डिंगमधली दहा-दहा मिनिटांची आहेत, घरी ऐकायला अप्रतिम, पण नवख्या मुलीला ती दहा मिनिटं शिक्षा वाटतात. दोन साल्सा, दोन बचाता असा घास ठेव. किझोंबा उशिरा, गर्दी पातळ झाल्यावर.

आणि वाजवायचं कुणासाठी? फ्लोअरवरच्या सगळ्यात नवख्या जोडीसाठी. पटाईत मंडळी कशावरही नाचतील, तू भांडी वाजवलीस तरी नाचतील. नवखी जोडी वेगवान गाणं लागलं की खुर्ची गाठते, आणि एकदा बसलेली माणसं पुढच्या महिन्यात येतच नाहीत. इतक्या लहान गावात, हो, या बाबतीत जयपूर गावच, आपल्याला एकही जोडी गमावणं परवडत नाही. तोंडाकडे बघू नकोस, माणसं तोंडानं खोटं हसतात. पायांकडे बघ. तासातून एखादं अवघड गाणं पटाईतांना दे, नाहीतर ते रुसतात. त्यांचंही बरोबर असतं.

ताल समजून घेतल्याशिवाय मात्र पुढे जाऊ नकोस. क्लावे म्हणजे त्या दोन लाकडी काड्या, सगळं क्यूबन संगीत त्यांच्या भोवती फिरतं. तू तबला शिकलीयस, तुला सोपं आहे. सोळा मात्रा मोज आणि टाळी दे एक, चार, सात, अकरा आणि तेराला. झालं. पहिल्या निम्म्यात तीन, दुसऱ्यात दोन. काही गाण्यांत उलटं, आधी दोन, मग तीन. दोन गाणी पाठोपाठ लावताना ते उलटलं तर नाचणाऱ्यांना काय बिघडलं ते सांगता येत नाही, पण अंग अडखळतं. पहिल्या निम्म्यातलं ते तीन-तीन-दोन ढोलकवाल्याला मांडीवर वाजवून दाखव. आठ मात्रांचा केहरवा ज्याच्या हातात मुरलाय तो लगेच धरतो, आणि मग तुलाच चार गोष्टी शिकवतो.

तू विचारलंस, असलं परक्या मुलखाचं संगीत जयपुरात शोभतं का. अगं, जयपूर घराणं म्हटलं की आपल्याकडे कोल्हापूरच आठवतं! त्या घराण्याचे अल्लादिया खाँसाहेब जन्मले जयपूरजवळच्या उनियाऱ्यात आणि रुजले शाहू महाराजांच्या कोल्हापुरात. त्यांच्या शिष्या, गोव्याच्या केरीच्या केसरबाई. १९७७ मध्ये 'व्हॉयेजर' यानांवर जगाच्या संगीताची जी सोनेरी तबकडी पाठवली तिच्यात केसरबाईंची भैरवी आहे, साडेतीन मिनिटांची. संगीत अभ्यासक रॉबर्ट ब्राउन यांनी ती सुचवली होती. 'व्हॉयेजर १' त्या सप्टेंबरात सुटलं आणि त्याच महिन्यात केसरबाई गेल्या. त्या तबकडीतल्या सत्तावीस रचनांचा क्रम मी डीजे म्हणून पुन्हा पुन्हा ऐकते. मेक्सिकोच्या मारियाचीला लागून थेट चक बेरीचं रॉक अँड रोल! पेरूच्या एका लहान मुलीनं गायलेलं लग्नाचं गाणं, अर्ध्या मिनिटाच्या आसपास, मग चीनचं सात तारांचं वाद्य, मग केसरबाई, आणि त्यांच्या लगेच मागे ब्लाइंड विली जॉन्सन, शब्दांशिवाय नुसता गुणगुणणारा. सूर जुळतात म्हणून नाही, मनाची अवस्था जुळते म्हणून ती गाणी शेजारी बसलीत. सेट कसा लावावा हे कुठल्याही कोर्सपेक्षा तिथे नीट कळतं.

एक फसवणूक मात्र टाळ. इथे स्टेजवर फार आवडीनं सांगतात की फ्लॅमेंको, साल्सा, सगळं राजस्थानातूनच गेलं. टाळ्या मिळतात. रोमा लोकांची भाषा आपल्या भाषांची नातलग आहे आणि त्यांचे पूर्वज भारताच्या वायव्येकडून निघाले, इतपत खरं. स्पेनच्या फ्लॅमेंकोत त्यांचा वाटा मोठा, तेही खरं. पण साल्साचा कणा आफ्रिकेचा, गुलाम करून क्यूबात नेलेल्या माणसांचा आहे. त्यांचं श्रेय आपल्या खिशात टाकायचं नाही.

त्यापेक्षा इथलं जे जिवंत आहे त्याच्याशी नातं जोड. कालबेलिया नाच २०१० मध्ये युनेस्कोच्या यादीत गेला. गुलाबो सपेरा इथेच जयपुरात राहतात, त्यांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली, आणि फ्रान्सच्या तीती रोबॅंबरोबर त्यांनी त्याच्या कितीतरी आधी काम केलंय. लंगा-मांगणियार मंडळींचा खडताल कधी जवळून ऐकलायस? शिसवीच्या चार पट्ट्या आणि नुसती आग. तर कालबेलियाच्या पुंगीचा तुकडा इंटरनेटवरून उचलून खाली बीट घालणं, हे "फ्यूजन" मला चोरीसारखं वाटतं. दोन वादकांना बोलाव, मानधन आधी ठरव, तुझ्या मानधनाइतकंच. पोस्टरवर त्यांची नावं तुझ्याच आकारात छाप. आयोजक कुरकुरतात. कुरकुरू देत.

साल्साचा व्यवहार कसा उभा राहिला ते माहीत आहे ना? १९६४ मध्ये न्यूयॉर्कला जॉनी पाचेको हा डोमिनिकन बासरीवाला आणि जेरी मासुची नावाचा वकील यांनी फानिया रेकॉर्ड्स काढली आणि सुरुवातीला तबकड्या गाडीच्या डिकीतून विकल्या. पाचेकोला कमीपणा वाटला नाही, तर तुला हळदीत वाजवायला कसला वाटतो?

आता बाईमाणसाच्या चार गोष्टी. निम्मी रक्कम आगाऊ, आणि तारीख, वेळ, रक्कम, आवाज कधी बंद हे व्हॉट्सअॅपवर का होईना लिहून घे. परतीची गाडी यजमानांकडून ठरवून घे. "बघू, सोडतो कुणीतरी" हे उत्तर चालवून घ्यायचं नाही. टेबलाच्या मागे भिंत असेल अशी जागा माग. फोन नाचवत, ग्लास सांभाळत फर्माईश घेऊन येणारा एक असतोच. त्याच्याशी वाद नको, "लावते दादा" म्हण आणि लावू नकोस. त्याला आठवत नाही. लग्नात आणि लग्नाशी जोडलेल्या समारंभांत गाणी वाजवायला कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये सूट आहे, सरकारनं २०२३ मध्ये ते पुन्हा स्पष्टही केलं. कॅफेतल्या सोशलला ती सूट नाही. परवाना आयोजकानं काढलाय का ते आधी विचार, नाहीतर ऐनवेळी तोंड तुझं दिसतं.

आणि कान. हे हसण्यावारी नेऊ नकोस. ८५ डेसिबलला आठ तास चालतात, पण दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होत जातो. १०० ला पंधरा मिनिटं. लग्नातल्या स्पीकरशेजारी १०० सहज असतात. वादकांसाठीचे इअरप्लग मिळतात, कंट्रोलरच्या आधी ते घे. घरी आल्यावर कानात शिट्टी वाजत राहिली तर दुसऱ्या दिवशीचं काम सोड. पैसे जातात, जाऊ देत.

ये मलमासात. तेव्हा मला वेळ असतो आणि साउंडवालेही गोड बोलतात. परतीचं तिकीट संक्रांतीनंतरचं काढ. संक्रांतीच्या दिवशी इथे सगळं शहर गच्चीवर असतं, पतंग, तिळाचे लाडू आणि प्रत्येक गच्चीवर आपापला स्पीकर. आमच्या गच्चीवर दुपारभर तू वाजव. तुझ्याकडे कुणी बघणार नाही, सगळ्यांच्या माना वर. पेच लागला की "वो काटा"च्या आरोळीत तुझं गाणं बुडून जाईल. त्यातूनही एखाद्याचा मांजा सोडून पाय हलायला लागला, तर ते गाणं कुठलं होतं तेवढं लिहून ठेव. शेजारची गच्ची नेमकं उलटं काहीतरी लावेल, आणि त्यांचा स्पीकर मोठा आहे, तेव्हा गाणी जरा जास्तच भरून आण.